मानधनावर राहून सीमाभागात काम करायचंय? नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

दरवर्षी शिक्षण संपवून काही मुलंमुली खानापूर, निपाणी किंवा बेळगावच्या आसपास एखाद्या लहान संस्थेत काम करायला येतात. कुणी वाड्यावस्त्यांवरच्या शाळेत शिकवतं, कुणी विडी कामगार बायकांबरोबर काम करतं, कुणी म्हाताऱ्या माणसांचे पेन्शनचे अर्ज भरतं. येताना मन लावून येतात, पण पहिला पावसाळा सरला की त्यातली बरीच परत जातात. कामाचा वीट येऊन जाणारी थोडी. बहुतेकांचा पैशाचा मेळ बसत नाही आणि ते कुणाला सांगायची लाज वाटते.

मी खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, मानधनावर राहून काम केलं आहे. आजारी माणसाला दवाखान्यात पोचवणं आणि सरकारी योजनांचे कागद पुरे करणं हे माझं मुख्य काम. कमी पैशात राहणं जमतं, नीट जमतं, पण काही गोष्टी आल्या आल्या ठरवून घ्याव्या लागतात. त्या क्रमाने सांगते.

१. मानधनाचं बोलणं आधी, आणि कागदावर

सेवेच्या कामात पैशाचं काय बोलायचं, हा संकोच पहिल्या भेटीतच बाजूला ठेवा. चांगल्या संस्थेला हे प्रश्न आवडतात, कारण ज्याचा हिशेब पक्का तो माणूस टिकतो हे त्यांना ठाऊक असतं. विचारायचं ते असं:

- मानधन किती, कोणत्या तारखेला, खात्यावर की रोख?
- प्रवासखर्च मानधनातच धरलाय की वेगळा मिळणार?
- फोनचा रिचार्ज कोणाचा?
- आजारी पडले तर, किंवा पावसात गावाची वाट बंद झाली तर, त्या दिवसांचं मानधन कापणार का?
- देणगी उशिरा आली तर मानधनही उशिरा होतं का? आजवर जास्तीत जास्त किती उशीर झाला आहे?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लहान संस्था देणग्यांवर चालतात आणि आर्थिक वर्ष संपल्यावर पुढचा हप्ता यायला वेळ लागतो. म्हणून येताना दोन महिन्यांचा खर्च गाठीला असू द्या. नसेल, तर घरच्यांशी तेवढं बोलून ठेवा.

नेमणूक पत्र घ्या. त्यात कामाचं स्वरूप, मुदत, रक्कम आणि सही-शिक्का हवा. रक्कम ‘मानधन’ म्हणून मिळत असेल तर पीएफ बहुधा नसतो, हे धरून चाला. काही संस्था मानधनातून टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापतात. तसं असेल तर कापलेल्या रकमेचं प्रमाणपत्र मागा. तुमचं उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असतं, त्यामुळे आयकर विवरणपत्र भरलं की ते पैसे परत मिळतात. ‘एवढ्याशा रकमेसाठी कोण विवरणपत्र भरतं’ म्हणून अनेकजण हे पैसे सोडून देतात. मानधनावर राहणाऱ्याने सोडू नयेत.

२. जवळ ठेवायचे कागद

- आधार, पॅन, मतदार ओळखपत्र
- बँक किंवा पोस्टाचं पासबुक (पोस्टाचं बचत खातं ५०० रुपयांत उघडतं)
- नेमणूक पत्र आणि संस्थेचं ओळखपत्र
- खोलीचा भाडेकरार
- शेवटच्या शिक्षणाची गुणपत्रिका
- रेशनकार्डाची झेरॉक्स, घरच्या कार्डात नाव असेल तर
- पासपोर्ट आकाराचे फोटो, भरपूर

सगळं एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा. जूनपासून पुढे या भागात सुटा कागद ओला झाल्याशिवाय राहत नाही.

घरचं रेशनकार्ड अन्नसुरक्षा योजनेत बसणारं असेल, तर देशात कुठल्याही रेशन दुकानात आधारवर अंगठा लावून आपल्या वाट्याचं केंद्राचं धान्य उचलता येतं. चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडून येणाऱ्यांना हे उपयोगी पडतं. मात्र तुम्ही इथे उचललंत तर तेवढं घरच्या वाट्यातून कमी होणार. आधी आईला विचारा.

३. खोली

पहिला निर्णय: कामाच्या गावातच राहायचं, की खानापूर-बेळगावात राहून ये-जा करायची? माझं मत स्पष्ट आहे. पहिलं वर्ष तरी कामाच्या गावात किंवा त्याच्या जवळच्या बाजाराच्या गावात राहा. बेळगावात टिळकवाडी, हिंदवाडीकडे खोली बघायला गेलात तर भाडं आणि डिपॉझिट दोन्ही मानधनाच्या आवाक्याबाहेर जातं. वडगाव, शहापूर, अनगोळ या भागांत विणकर आणि कामगारांच्या घरांमध्ये माडीवरच्या साध्या खोल्या त्या मानाने परवडतात. खेड्यात तर बंद पडलेलं वडिलोपार्जित घर ‘झाडून-सारवून राहा’ म्हणून नाममात्र भाड्यात देणारे भेटतात, कारण घरची माणसं गोव्याला किंवा पुण्याला कामाला गेलेली असतात.

भाडं मानधनाच्या पाचव्या हिश्शावर जाऊ देऊ नका. दहा हजार मिळत असतील तर दोन हजार ही तुमची वरची मर्यादा. त्याहून जास्त भाडं असेल तर संस्थेतल्याच कुणाबरोबर खोली वाटून घ्या.

खोली ठरवताना बघायच्या गोष्टी:

वीज. कर्नाटकात गृहज्योती योजनेत घरगुती वापराला महिन्याला २०० युनिटपर्यंत वीजबिल माफ आहे. नेमकी किती युनिटं माफ, ते त्या मीटरच्या आधीच्या सरासरी वापरावरून ठरतं. भाडेकरूलाही हा लाभ मिळतो, मात्र मीटरच्या आरआर नंबरला (बिलावरच्या वीजजोडणी क्रमांकाला) त्याचं आधार जोडावं लागतं. इथला नेहमीचा सापळा म्हणजे मालक आणि भाडेकरू मिळून एकच मीटर असतो, बिल शून्य येतं, आणि तरीही भाडेकरूकडून युनिटामागे पैसे घेतले जातात. चावी घेण्याआधी बिल दाखवा म्हणा.

छप्पर. उन्हाळ्यात बघितलेली कौलारू खोली छान गार वाटते. ती पावसात कुठे गळते ते शेजारणीला विचारा, मालकाला विचारू नका. भिंतीवर गुडघाभर ओल चढल्याची खूण दिसली तर ती खोली सोडा. ओलीने आजारपण येतं आणि आजारपणात वाचवलेलं सगळं भाडं जातं.

पाणी. विहीर कुणाची, मे महिन्यात तिला पाणी असतं का, नळ किती दिवसांनी येतो.

गॅस. नवीन कनेक्शनच्या भानगडीत न पडता ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्या. तो नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. एकट्या माणसाला पुष्कळ दिवस जातो. ‘जंगल जवळ आहे, लाकडं फुकट’ हा हिशेब मात्र करू नका. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तुम्ही पाहुणे आहात आणि वनखात्याशी तुमचं वाकडं आलं तर त्याचा त्रास गावाला होतो.

४. ताट

कमी पैशात राहायला आलेली मुलं सगळ्यात आधी जेवणावर कात्री चालवतात. चहा-बिस्किट, चहा-चिरमुरे, रात्री मॅगी. काही आठवड्यांत अशक्तपणा येतो, मग सलाइन. कृपा करून हे करू नका. साधं जेवण म्हणजे अर्धपोटी राहणं नव्हे, आणि या भागाचं साधं जेवण मुळातच सकस आहे.

खानापूरच्या पश्चिमेला भात पिकतो. गावातल्याच शेतकऱ्याकडून सुगीनंतर एकदम पोतंभर तांदूळ घ्या, दुकानापेक्षा स्वस्त पडतो. नाचणीचं पीठ, हुलगे, आख्खा मसूर, चवळी, आमसुलं आणि शेंगदाण्याची चटणी एवढं घरात असलं की बाजार चुकला तरी अडत नाही. हुलगे रात्री भिजत घाला, सकाळी शिजवा. वरच्या पाण्याचं लसूण-मिरचीची फोडणी देऊन कढण होतं, खालच्या हुलग्यांची उसळ. एका भांड्यात दोन पदार्थ आणि दिवसभराची ताकद. अंडी आठवड्याला तीन-चार तरी खा, खात नसाल तर दूध-ताक घ्या. गवळीवाड्यांवर दूध विकत घेतलंत तर ते शहरातल्या पिशवीपेक्षा चांगलंच असतं आणि पैसा गावात राहतो.

भाजी आठवडी बाजारातून, तीही बाजार उठायच्या वेळी घ्या. बेळगावात कामाला गेलात तर किराणा रविवार पेठेतून घ्या, किरकोळ दुकानापेक्षा फरक पडतो. बेळगावातच दुपार झाली आणि डबा नसेल तर सरकारी इंदिरा कॅन्टीनमध्ये नाष्टा ५ रुपयांत आणि जेवण १० रुपयांत मिळतं. तिथे जेवायला कसलाही कमीपणा वाटून घेऊ नका. तुमच्या बरोबर आलेल्या पेशंटच्या माणसांनाही तिथेच न्या.

आता एक नाजूक गोष्ट. तुम्ही ज्यांच्यासाठी काम करता त्यांच्या घरी जेवायचं की नाही? दारात गेलं की ‘बस गे पोरी, चा घे’ होतंच, आणि दुपार असेल तर ताट वाढलेलं असतं. ‘नको’ म्हटलं तर मन दुखावतं, आणि ‘हो’ म्हटलं तर त्या घरातल्या कुणाच्या तरी वाटणीचं आपण खातो. यावर मला पटलेला उपाय: भाकरी-चटणी आपली आपण बांधून न्यायची आणि त्यांच्याच पडवीत, त्यांच्याबरोबर बसून खायची. त्यांच्या आमटीची एक वाटी घ्यायची, आपली अर्धी भाकरी त्यांना द्यायची. चहाला कधी नाही म्हणू नका. पाहुणे म्हणून कोंबडं कापायचा बेत दिसला तर मात्र हात जोडून थांबवा.

५. गाडी, वाट आणि पाऊस

कर्नाटकात शक्ती योजनेत बायकांना राज्यातल्या राज्यात साध्या सरकारी बसमध्ये तिकीट लागत नाही. ११ जून २०२३ पासून ही सोय आहे. पण ती कर्नाटकातल्या रहिवासी बायकांसाठी आहे, त्यामुळे कंडक्टरला इथल्या पत्त्याचं ओळखपत्र दाखवावं लागतं. तुमचं आधार महाराष्ट्राच्या पत्त्याचं असेल तर तिकीट काढा, वाद घालू नका. इथे वर्षभर किंवा जास्त राहणार असाल तर पत्ता बदलण्याचा विचार करा, पण गावाकडच्या कुठल्या योजना त्या पत्त्यावर अवलंबून आहेत ते आधी बघा.

बसचं वेळापत्रक तोंडपाठ हवं, त्यातही वस्तीची गाडी. संध्याकाळी गावात येऊन मुक्काम करणारी आणि पहाटे पहिल्यांदा निघणारी ही गाडी चुकली की आजाऱ्यासाठी खासगी वाहन करावं लागतं आणि एका फेरीत आठवड्याची भाजी जाते. ड्रायव्हर-कंडक्टरांशी ओळख ठेवा. त्यांच्याकडून निरोप जातो, औषध येतं, प्रसंगी गाडी पाच मिनिटं थांबतेही. लोंढा, गुंजी, खानापूर, इदलहोंड, देसूर या पट्ट्यात असाल तर पॅसेंजर रेल्वे बसपेक्षा स्वस्त पडते.

सीमाप्रश्न तापला की महाराष्ट्र-कर्नाटक बसगाड्या बंद होतात. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपास, किंवा तणावाच्या कुठल्याही दिवसांत, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातली तारीख घेऊ नका. घेतलीच असेल तर आदल्या दिवशी चौकशी करा.

पाऊस हा इथला खरा खर्च आहे. जून ते सप्टेंबर कणकुंबीच्या बाजूला तो थांबायचं नाव घेत नाही. नाले भरले की भीमगडातल्या आमगावसारख्या गावांची वाट तुटते आणि आजाऱ्याला डोलीत घालून आणावं लागतं. त्यासाठी मे महिन्यातच तयारी करा: चांगली छत्री आणि रेनकोट दोन्ही, जाड तळव्याची रबरी चप्पल किंवा गमबूट, पॉवर बँक, बॅटरी, मेणबत्त्या, महिन्याचा किराणा. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी. कपडे तीनच जोड ठेवा, पण लवकर वाळणारे. सुती-खादी हवी असेल तर ती उन्हाळ्यासाठी. १९३७ साली गांधीजी जिथे येऊन राहिले होते ते हुदली गाव बेळगावजवळच आहे आणि तिथे आजही खादी विणली जाते. ती कितीतरी वर्षं टिकते. पावसात मात्र खादी चार दिवस वाळत नाही.

फोनला रेंज नसलेल्या गावांत एखादी चढण किंवा एखादा दगड असा असतो की तिथे उभं राहिलं की दोन काड्या येतात. ती जागा पहिल्याच भेटीत बघून ठेवा. १०८ ला फोन तिथूनच लागणार आहे.

६. दोन पाकिटं

हा भाग नीट वाचा. मानधनावरच्या माणसाचा पैसा भाड्यात आणि जेवणात संपत नाही. तो लोकांवर संपतो.

दवाखान्याचा एक साधा दिवस बघा. वाड्यावरची आज्जी, सोबत सून, सुनेच्या कडेवर पोर. पहाटेच्या गाडीने बेळगाव. सुनेचं तिकीट शून्य, पण आज्जीचं आधार घरी पत्र्याच्या पेटीत राहिलेलं, म्हणून तिचं तिकीट काढलं. स्टँडवर उतरल्यावर आज्जीला चक्कर, म्हणून चहा-बटर. सिव्हिलला केसपेपर, मग रेशनकार्डाच्या झेरॉक्स, एकदा नव्हे दोनदा, कारण दुसऱ्या खिडकीवर परत मागितल्या. एक गोळी आतल्या दुकानात नाही, ती बाहेरून आणली. दुपारचं जेवण. परतताना पोर रडायला लागलं, म्हणून बिस्किटाचा पुडा. यातली एकही गोष्ट नाकारण्यासारखी नाही आणि एकही रक्कम मोठी नाही. पण महिन्यात असे चार-पाच दिवस आले की खोलीचं भाडं गेलेलं असतं, आणि कुठे गेलं ते तुम्हाला सांगता येत नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून दोन वेगळी पाकिटं ठेवा. एक तुमच्या मानधनाचं, दुसरं कामाचं. कामाच्या पाकिटात संस्थेची हातरक्कम असते. ती महिन्याच्या सुरुवातीला मागून घ्या आणि संपत आली की हिशेब देऊन पुन्हा भरून घ्या. वहीत चार रकाने पुरतात: तारीख, गाव, कशासाठी, किती. चहा, रिक्षा, झेरॉक्स यांची पावती मिळत नाही. त्यासाठी साध्या कागदावर व्हाउचर लिहा आणि बरोबरच्या माणसाची सही किंवा अंगठा घ्या. रोज रात्री झोपण्याआधी लिहा. आठवड्याने लिहायला बसलात तर निम्मं आठवत नाही आणि ते निम्मं तुमच्या खिशातून जातं.

संस्थेकडे हातरक्कम द्यायला पैसेच नसतील तर? असंही होतं. तेव्हा मानधनातून एक ठरावीक, अगदी लहान रक्कम या कामासाठी बाजूला काढा. पाच टक्के म्हणा. ती संपली की त्या महिन्यापुरती संपली. नंतर कुणी मागितलं तर खरं सांगा, ‘काका, या महिन्यात माझ्याकडे नाहीत. दुसरी वाट बघूया.’ दुसरी वाट बहुतेक वेळा असते. गोव्यातल्या मुलाला फोन केला की तो भाचीच्या खात्यावर पाठवतो. गावातला दुधाचा टेम्पो खानापूरपर्यंत नेतो. ग्रामपंचायत सदस्य गाडीची सोय करतो. या वाटा तुम्ही पैसे काढण्याआधी शोधायच्या आहेत.

माझा या बाबतीत आग्रह आहे, आणि त्याचं कारण नुसता हिशेब नाही. तुम्ही खिशातून द्यायला लागलात की नातं बदलतं. काल जी वहिनी हक्काने येऊन ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ विचारत होती, ती आज संकोचून बोलते. शेजारचं घर मनात धरून बसतं, ‘त्यांना दिले, आम्हाला नाहीत’. आणि तुमच्यानंतर येणाऱ्या कार्यकर्त्याकडे गाव आधी पाकीट बघतं. लोकांचं जे हक्काचं आहे ते त्यांना मिळवून देणं हे आपलं काम. सून आज्जीचं आधार पेटीतून काढून आठवणीने घेऊन यायला लागली, तर तुमचे कितीतरी पैसे आणि तिचा कितीतरी त्रास वाचतो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दारात जाऊन कागद स्वतः बघा: आधार, रेशनकार्ड, जुने केसपेपर, बँक पासबुक, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स.

७. उधारी, भिशी, जामीन

किराणा दुकानात वही घालू नका. लागेल तेवढं रोख घ्या, नसेल तर त्या दिवशी नाचणी खा. गावात तुमची उधारी झाली की ती सगळ्यांना कळते.

बचत करा, रक्कम कितीही लहान असो. पोस्टाचं आवर्ती ठेव खातं महिन्याला १०० रुपयांपासून चालतं. बेळगाव भागात पिग्मी, भिशी आणि सोसायट्यांचं जाळं मोठं आहे, आणि जास्त व्याजाच्या आशेने लोकांच्या ठेवी अडकल्याची दुःखं घरोघरी ऐकायला मिळतात. तुमच्याकडे बुडवायला पैसे नाहीत. पोस्ट किंवा सरकारी बँक, बस.

कुणाच्याही कर्जाला जामीन राहू नका, साक्षीदार म्हणून सही करू नका. बायकांच्या गटांबरोबर काम करताना हे हमखास विचारलं जातं. मायक्रोफायनान्सच्या वसुलीचा जाच इतका वाढला की कर्नाटक सरकारला २०२५ मध्ये सक्तीच्या वसुलीविरुद्ध कायदा करावा लागला. अशा जाचाची तक्रार लिहून द्यायला मदत करा, पोलीस ठाण्यात सोबत जा. सही मात्र देऊ नका.

८. कचेरीतलं काम

अर्ज कन्नडमध्ये असतात. बोलता येणं पुढची गोष्ट, आधी वाचायला शिका. बसची पाटी, अर्जावरची नाव-गाव-वय ही रकान्यांची नावं, नोटीस बोर्ड. रोज अर्धा तास दिलात तर अक्षरओळख लवकर होते, आणि शेजारचं शाळकरी पोर आनंदाने शिकवतं. नाडकचेरीतल्या (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतल्या) माणसाशी चार शब्द कन्नड बोललात तर कामाची गती बदलते, हे तुम्हाला स्वतःलाच दिसेल.

अर्ज ‘ग्राम वन’ (Grama One) या सरकारी सेवा केंद्रात किंवा ग्रामपंचायतीत भरले जातात, त्यांची फी ठरलेली असते. पोचपावतीचा नंबर वहीत लिहा. लोक खुशीने ‘चहाला’ म्हणून पैसे देतात, ते घेऊ नका. एकदा घेतलेत की तुम्ही एजंट.

काही गोष्टी आधीच माहीत असू द्या. संध्या सुरक्षा या म्हातारपणाच्या पेन्शनला वय ६५ पूर्ण लागतं. गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईला मिळतात. पैसे आले नाहीत अशी तक्रार असेल तर आधी आधार कोणत्या बँक खात्याला जोडलं आहे ते बघा, कारण थेट जमा होणारी रक्कम आधारला जोडलेल्या खात्यात जाते आणि ते खातं कधीकधी विसरून गेलेलं, जुनंच निघतं. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, पण तातडीची वेळ सोडली तर सरकारी दवाखान्याचं शिफारसपत्र लागतं. थेट खासगी दवाखान्यात भरती करून मग कार्ड पुढे केलं तर उपयोग होत नाही.

महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली आहे. ती ऐकून कुणालाही ‘तुमचं फुकट होईल’ असा शब्द देऊ नका. आधी त्या रुग्णालयात फोन करून लागणारे कागद विचारा.

९. तुमची स्वतःची तब्येत

दोन विमे बँकेत जाऊन आजच करा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा: वर्षाला २० रुपये, २ लाखांचं अपघात संरक्षण, वय १८ ते ७०. जीवन ज्योती विमा: वर्षाला ४३६ रुपये, २ लाखांचं जीवन संरक्षण, वय १८ ते ५०. मे महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढी शिल्लक ठेवा, हप्ता तेव्हा आपोआप कापला जातो.

घरात ताप-जुलाबाची औषधं, ओआरएसची पाकिटं, पट्ट्या असू द्या. सर्पदंश झाला तर वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठा, विषावरचं इंजेक्शन तिथे असतं.

आठवड्याला एक दिवस सुट्टी घ्या, आणि महिन्यातून एकदा घरी किंवा मैत्रिणीकडे जा. त्याचं तिकीट खर्चाच्या यादीत आधीच धरा. घरी जाऊन येणं चैनीत मोजू नका. पगार किती, लग्न कधी, हे प्रश्न नातेवाईक विचारणारच. रक्कम सांगा आणि पुढच्या दोन वर्षांचा बेत सांगा. लपवलंत तर घरच्यांची काळजी वाढते.

१०. काम सोडताना

एक ना एक दिवस तुम्ही जाल. कमीत कमी महिनाभर आधी लेखी कळवा. पावसाळ्याच्या तोंडावर सोडू नका, तेव्हा बदली माणूस मिळत नाही.

वीजमीटरला जोडलेलं आधार काढून घ्या, नाहीतर पुढच्या घरी गृहज्योतीचा अर्ज अडकतो. डिपॉझिट परत घेऊनच चावी द्या. हातरक्कमेचा हिशेब मिटवून त्याची सही घ्या.

आणि वही. कोणाचा कोणता अर्ज कुठे अडकला आहे, पोचपावतीचा नंबर काय, कोणत्या आज्जीची तपासणीची पुढची तारीख कधी, कोणत्या घरात कुणाला फोन करायचा, हे सगळं साफ अक्षरात उतरवा. नवीन कार्यकर्त्याला घेऊन प्रत्येक वाड्यावर एकदा जा, लोकांसमोर वही त्याच्या हातात द्या आणि त्याचा नंबर घराघरांत लिहून द्या. तुमचा नंबरही राहू द्या, पहिले काही महिने फोन येत राहतात. शेवटच्या महिन्याचं मानधन आणि अनुभवपत्र निघण्याच्या दिवशीच मागून घ्या, ‘नंतर पोस्टाने पाठवतो’ यावर थांबू नका.